नोंद आणि दखल : सर्व्हरच्या प्रकृतीची देखरेख



ज्या गुरुवर्यांच्या पुण्यस्मरणार्थ शाळा ही व्याख्यानमाला चालवीत आली आहे, त्यांच्या नावाशी निगडित अशा या व्यासपीठावरून बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल प्रथम मी संयोजकांचे मनःपूर्वक आभार मानतो. या मालेत साहित्य, इतिहास, शिक्षण अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींनी आपले विचार मांडले आहेत. त्या मानाने माझा विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. सर्व्हर नावाच्या मोठ्या संगणकांच्या अंगोपांगांची प्रकृती कशी आहे, हे दुसऱ्या एका आज्ञावलीच्या साहाय्याने सतत पाहत राहणे, हा तो विषय. माझे आयुष्य याच कामात गेले असल्यामुळे ज्यातले कळते त्याविषयीच बोलावे, असे मी ठरविले.

विषय रुक्ष असला तरी परका नाही. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आज आपल्या बेळगावात ऐकले नाही असा माणूस सापडणे कठीण. बँकेच्या खिडकीवर ते ऐकू येते, दाखल्यांच्या कार्यालयात ऐकू येते, आणि जमिनीच्या उताऱ्यासाठी खेड्यातून पहिली गाडी धरून आलेल्या शेतकऱ्यालाही ते ऐकावे लागते. कर्नाटकात ‘भूमी’ योजनेखाली सुमारे दोन कोटी उतारे २००१ च्या सुमारास संगणकावर आले, आणि हाताने लिहिलेल्या उताऱ्याची जागा संगणकाच्या उताऱ्याने घेतली. वहीची जागा यंत्राने घेतली याचा अर्थ असा, की यंत्राची प्रकृती ही आता त्या शेतकऱ्याच्या हक्काशी जोडली गेली आहे. ‘डाऊन’ होण्याला अर्थातच अनेक कारणे असतात. तारेचा दोष असतो, विजेचा असतो, आज्ञावलीचाही असतो. आज मी त्यांपैकी एकाच कारणाविषयी बोलणार आहे : यंत्राचे भाग झिजतात, आणि झिजताना ते बहुधा काही सांगत असतात.

सर्व्हर म्हणजे काही निराळ्या जातीचे गूढ यंत्र नव्हे. घरातील संगणकाचाच तो थोरला भाऊ. फरक इतकाच, की तो अनेकांच्या कामाला बांधलेला असतो आणि त्याला रात्र नाही, रविवार नाही. अशा अखंड चाकरीत जे भाग फिरतात ते आधी थकतात, म्हणजे पंखे आणि फिरत्या तबकडीच्या डिस्क. त्यानंतर पॉवर सप्लाय, मग मेमरी, आणि मग एखादी लहानशी बॅटरी. हे होणारच, हे गृहीत धरूनच सर्व्हर बांधलेला असतो. म्हणून त्यात पॉवर सप्लाय दोन असतात, पंखे गरजेपेक्षा अधिक असतात. १९८८ मध्ये बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी ‘रेड’ या नावाने डिस्कांच्या समूहाची जी कल्पना मांडली, तिच्यात तर एक डिस्क संपूर्ण बंद पडली तरी तिच्यावरील मजकूर उरलेल्या डिस्कांवरून गणिताने पुन्हा उभा करता येतो.

ही जोडीची व्यवस्था अत्यंत हुशारीची आहे. परंतु तिच्यात एक मेख आहे, आणि आजच्या माझ्या विवेचनाचा पाया तोच आहे. जोडीमुळे काम थांबत नाही, आणि काम थांबत नाही म्हणून दोष कळत नाही. एक पॉवर सप्लाय जळाला तरी दुसरा सगळा भार उचलतो. पडद्यावर काही दिसत नाही, खिडकीवरच्या कारकुनाला काही जाणवत नाही. आपण मात्र एका पायावर उभे असतो. साध्या यंत्राचा दोष काम थांबवून स्वतःच ओरडतो. जोडीच्या यंत्राचा दोष मुद्दाम शोधून काढावा लागतो. देखरेखीची गरज इथे उत्पन्न होते.

माझ्या पाहण्यातील एका संस्थेचे उदाहरण देतो, नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथील सर्व्हरच्या तीन डिस्कांपैकी एक मृत झाली होती. तिच्यावरचा पिवळा दिवा लागला होता, यंत्राने किणकिण आवाजही सुरू केला होता. आवाजाचा त्रास होतो म्हणून कोणीतरी तो बंद केला. दिवा लागलेलाच राहिला, आणि लवकरच तो देव्हाऱ्यातल्या समईसारखा सर्वांच्या सवयीचा झाला. काही महिन्यांनी दुसरी डिस्क गेली, आणि त्या क्षणी सगळा मजकूर गेला. यंत्राने आपले काम चोख केले होते. त्याने नोंद घेतली होती. दखल मात्र कोणी घेतली नव्हती.

नोंद आणि दखल हे आपण व्यवहारात जवळजवळ समानार्थी वापरतो असे दोन शब्द आहेत. परंतु त्यांत मोठे अंतर आहे. नोंद वहीत होते, दखल मनात होते आणि हातून प्रकटते. देखरेखीच्या यंत्रणेचे सारे यश आणि सारे अपयश या दोन शब्दांमधील अंतरात सामावलेले आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

आता नोंद कशी होते ते पाहू. चांगल्या सर्व्हरच्या मुख्य फलकावर एक छोटा, स्वतंत्र संगणक बसविलेला असतो. त्याला बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, संक्षेपाने बीएमसी, असे म्हणतात. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, आणि बहुधा जाळ्याची तार जोडण्याची खाचही वेगळी. मुख्य यंत्र बंद असले तरी भिंतीतून वीज येत आहे तोवर हा जागा असतो. वाडा झोपला तरी देवडीवरचा पहारेकरी जागा राहावा, तसा. फलकावर ठिकठिकाणी बसविलेल्या संवेदकांकडून तो तापमान, विजेचा दाब आणि पंख्यांचे मिनिटाला किती फेरे होतात हे वाचीत राहतो. प्रत्येक मापाला वरची आणि खालची मर्यादा ठरलेली असते. एक मर्यादा ओलांडली तर ‘सावध’, पुढची ओलांडली तर ‘गंभीर’, आणि घडलेली प्रत्येक गोष्ट वेळेसह त्याच्या स्वतःच्या रोजनिशीत लिहिली जाते.

पूर्वी प्रत्येक कंपनीच्या पहारेकऱ्याची भाषा निराळी होती. १९९८ मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी या चार कंपन्यांनी मिळून आयपीएमआय नावाचा समान संकेत ठरविला. २०१५ मध्ये त्याच कामासाठी रेडफिश हा नवा, अधिक सुटसुटीत संकेत आला. एचपीचा आयएलओ, डेलचा आयड्रॅक ही या पहारेकऱ्याचीच घराणी होत. आयएलओ या नावातील ‘लाइट्स आउट’ या शब्दांत या साऱ्या व्यवस्थेचे मर्म आहे : खोलीतले दिवे मालवलेले आहेत, आत माणूस नाही, आणि तरीही शेकडो मैलांवरून यंत्राची नाडी पाहता येते.

एका यंत्राला एक पहारेकरी. यंत्रे शंभर असली तर शंभर रोजनिशा कोण वाचणार? त्यासाठी वर एक मध्यवर्ती आज्ञावली असते. यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांच्या स्वतःच्या अशा आज्ञावली आहेत. १९९९ मध्ये नेटसेंट या नावाने सुरू होऊन पुढे नॅगिऑस झालेली किंवा २००१ मध्ये आलेली झॅबिक्स, यांसारख्या विनामूल्य मिळणाऱ्याही आहेत. शाळा आणि लहान संस्था यांनी हे ध्यानात ठेवावे. ही आज्ञावली दोन प्रकारे माहिती मिळविते. एक, ठराविक वेळाने ती स्वतः प्रत्येक यंत्राला विचारते. दुसरा प्रकार, काही बिघडले की यंत्र आपण होऊन कळविते. १९८८ मध्ये ठरलेल्या एसएनएमपी या संकेतात या कळविण्याला ‘ट्रॅप’ म्हणतात. ही ट्रॅप म्हणजे सामान्यतः साधे पोस्टकार्ड असते. पोचले की नाही, याची पोच पाठविणाऱ्याला मिळत नाही. म्हणून जी संस्था केवळ ट्रॅपवर विसंबते, तिला शांततेचा अर्थ कधीच कळत नाही. सर्व कुशल आहे म्हणून पत्र नाही, की पत्र लिहिणाराच उरला नाही? विचारणे आणि कळविणे या दोन्ही वाटा चालू असल्या पाहिजेत, आणि उत्तर न येणे हीच एक धोक्याची सूचना मानली पाहिजे.

आता एकेका भागाची लक्षणे. उष्णता ही सर्वांत सोपी, आणि सर्वांत दुर्लक्षित. यंत्रात शिरणारी हवा साधारण १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, अशी ॲशरे या अमेरिकी संस्थेची शिफारस आहे. बेळगावची हवा थंड म्हणून आपण निर्धास्त असतो. परंतु बंद खोलीला गावाची हवा लागत नाही, आणि जाळीवर धूळ साचली की पंखे अधिक वेगाने फिरू लागतात. तापमान मर्यादेत आणि पंख्याचा वेग मात्र महिन्यामागून महिना चढत चाललेला, असा आलेख दिसला तर यंत्राला दम लागला आहे असे समजावे. एकेक माप पाहिले तर सर्व ठीक. चढण पाहिली तरच दोष दिसतो.

मेमरीची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये चूक स्वतःच सुधारणाऱ्या संकेतांचे गणित प्रसिद्ध केले. त्याच मार्गाने आजच्या सर्व्हरची मेमरी एका अंकाची चूक झाली तर ती परस्पर दुरुस्त करते, आणि दोन अंकांची झाली तर निदान ओळखते. परंतु दुरुस्त केलेल्या प्रत्येक चुकीची गणती ठेवली जाते, आणि ती गणती बोलकी असते. टोरोंटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलचे संशोधक यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक मेमरी-पट्ट्यांवर अशा चुका आढळल्या, आणि ज्या पट्टीवर एकदा चूक झाली तिच्यावर पुन्हा होण्याचा संभव पुष्कळच वाढलेला दिसला. दुरुस्त झालेली चूक म्हणजे न झालेली चूक नव्हे, हा धडा केवळ संगणकापुरता नाही.

डिस्क आपली प्रकृती ‘स्मार्ट’ नावाच्या व्यवस्थेने सांगते. किती तास चालली, किती जागा खराब म्हणून बाजूला काढल्या, वाचताना किती वेळा अडखळली, अशी ती यादी असते. या यादीवर कितपत विश्वास ठेवावा? गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत वाचनाची पहिली चूक आढळली, की पुढील ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट होता. म्हणजे लक्षण दिसले तर ते खरे मानावे. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू अशी, की बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी चार प्रमुख लक्षणांपैकी एकही आधी दाखविले नव्हते. लक्षण नसणे म्हणजे आरोग्य नव्हे. पडद्यावरचा हिरवा ठिपका ‘मी निरोगी आहे’ असे सांगत नाही. ‘तुम्ही जे विचारले त्यात मला काही वावगे आढळले नाही’ इतकेच तो सांगतो.

याचे एक विलक्षण उदाहरण २०१९ मधील आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एचपीई कंपनीने ग्राहकांना कळविले, की तिने विकलेल्या काही विशिष्ट एसएसडी डिस्का ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील आणि त्यांवरील मजकूरही परत मिळणार नाही. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. दोनचा पंधरावा घात ३२,७६८ होतो, हे विद्यार्थ्यांनी ताबडतोब ओळखले असेल. सोळा अंकी जागेत धन-ऋण संख्या मांडली तर मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. म्हणजे दोष धातूचा नव्हता, डिस्कच्या आतील आज्ञावलीत होता. आता विचार करा. एकाच दिवशी बसविलेल्या आठ डिस्का एकाच दिवशी, जवळजवळ एकाच तासाला जाणार. एक गेली तर बाकीच्या सांभाळतील ही जोडीची सारी हुशारी तेथे निरुपयोगी. आणि शेवटच्या तासापर्यंत प्रत्येक ठिपका हिरवा! तरीही यातून वाचणे शक्य होते. कंपनीने सुधारित आज्ञावली दिली होती, आणि डिस्क किती तास चालली हा आकडा देखरेखीच्या यादीत पहिल्या दिवसापासून होता. गरज होती ती कोणीतरी ते सूचनापत्र वाचून, यादी उघडून, दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्याची. नोंद पूर्ण होती. वाचला तो ज्याने दखल घेतली.

दखल का घेतली जात नाही, याची कारणे शोधली तर आळस हे कारण सर्वांत शेवटी येते. पहिले कारण अतिरेक. नवी आज्ञावली बसविली, की उत्साहाने प्रत्येक गोष्टीची सूचना चालू केली जाते. दिवसाला दोनशे संदेश येऊ लागतात, आणि महिन्याभरात माणूस ते न वाचता पुसण्यात तरबेज होतो. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण पहिलीत शिकतो. इथे मात्र ओरडणारा पोर खोटे बोलत नसतो. तो लांडग्यासाठी ओरडतो, आणि उंदरासाठीही तितक्याच जोराने ओरडतो. म्हणून ज्या सूचनेवर काही करायचे नाही ती माणसाला पाठवूच नये, वहीत राहू द्यावी.

दुसरे कारण, सूचनेची वाट तुटलेली असणे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रसिद्ध सेवेवर मोठा प्रसंग गुदरला. तो यंत्रभागाच्या बिघाडाचा नव्हता, तरी आपल्या मुद्द्याला लागू आहे. एका अभियंत्याकडून मुख्य माहितीसाठा चुकून पुसला गेला, आणि राखीव प्रत शोधू गेल्यावर कळले, की नित्याची प्रत घेण्याचे काम आधीपासूनच फसत होते. ते फसत असल्याच्या सूचना ईमेलने निघतही होत्या. परंतु त्या पत्रांवर आवश्यक ती प्रमाणखूण नसल्यामुळे घेणाऱ्या सर्व्हरने ती नाकारली. सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. त्या कंपनीने हे सर्व जगासमोर मोकळेपणाने मांडले, म्हणून आपल्याला त्यातून शिकता येते. सूचना सुटणे आणि सूचना पोचणे यांतही अंतर आहे, हे तिथे दिसले.

तिसरे कारण, जोडीवरचा आंधळा विश्वास. लंडनमधील गाइज आणि सेंट थॉमस या रुग्णालयांची दोन संगणक केंद्रे होती, एकाला दुसऱ्याचा आधार. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये पारा प्रथमच ४० अंशांपलीकडे गेला, आणि त्या एकाच उन्हात दोन्ही केंद्रांची शीतकरण व्यवस्था कोलमडली. डॉक्टरांना रुग्णांचे अहवाल दिसेनात, कागदावर काम करावे लागले, शस्त्रक्रिया आणि भेटी पुढे ढकलाव्या लागल्या, आणि सारे पूर्वपदावर येण्यास कित्येक आठवडे लागले. एकाच उन्हात उभे असलेले दोघे खऱ्या अर्थाने जोडीदार नसतात. आणि सर्व्हरची प्रकृती ही शेवटी खाटेवरच्या माणसाच्या प्रकृतीपर्यंत पोचते, हेही त्या दिवशी जगाने पाहिले.

पहारेकऱ्याविषयी एक सावधगिरीची सूचना. ज्याच्या हाती वाड्याच्या किल्ल्या असतात, तोच फितूर झाला तर? बीएमसीच्या हाती यंत्र चालू-बंद करण्याचे अधिकार असतात. २०१३ मध्ये डॅन फार्मर या सुरक्षातज्ज्ञाने आयपीएमआयमधील गंभीर उणिवा उघड केल्या. म्हणून कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा, बीएमसीची तार वेगळ्या, आतल्या जाळ्यात ठेवावी, आणि तिला उघड्या इंटरनेटवर कधीही आणू नये.

श्रोतेहो, या सभागृहात पतसंस्थांचे संचालक आहेत, शाळांचे विश्वस्त आहेत, दवाखाने चालविणारे माजी विद्यार्थी आहेत. त्यांना माझी नम्र विनंती आहे. आपल्या संस्थेत नवा सर्व्हर येतो तेव्हा नारळ फुटतो, हार पडतो, छायाचित्र निघते. खरेदीला मंजुरी मिळते. बदली डिस्क कपाटात ठेवण्यासाठी मात्र पैसे नसतात, आणि वार्षिक देखभालीच्या करारावर बैठकीत सर्वांत प्रथम कात्री चालते. आपण तांत्रिक ज्ञान नसतानाही चार प्रश्न अवश्य विचारू शकता. रात्री दोन वाजता डिस्क गेली तर सूचना कोणाला जाते, त्या माणसाचे नाव काय? तो रजेवर असेल तर दुसरा कोण? सूचना आल्यावर काय करायचे, हे कुठे लिहून ठेवले आहे? आणि ही सारी व्यवस्था चालते, याची परीक्षा शेवटची कधी घेतली? ही परीक्षा अगदी साधी असते. आधी राखीव प्रत तपासून, गर्दी नसलेल्या वेळी, दोन पॉवर सप्लायपैकी एकाची तार जाणकाराने काढावी आणि घड्याळ लावून बसावे. योग्य माणसाचा फोन किती मिनिटांनी वाजतो, यावरून त्या संस्थेची देखरेख कळते. वाजलाच नाही, तर लाखो रुपयांची आज्ञावली केवळ भिंतीवरचे चित्र आहे.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगेन, की या क्षेत्रात नवे निर्माण करणाऱ्याचे नाव होते. राखणाऱ्याचे होत नाही. ज्या रात्री काही बिघडले नाही त्या रात्रीबद्दल कोणी सत्कार करीत नाही, आणि चांगल्या देखरेखीचे फळ म्हणजे अशाच रात्रींची एक लांबलचक, निरस ओळ. परंतु त्या ओळीवर बँकेची खिडकी उघडते, रुग्णाचा अहवाल वेळेवर दिसतो, आणि खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याला उतारा घेऊन दुपारच्या गाडीने घरी परतता येते. यंत्रे नोंद घेण्यात आपल्यापेक्षा कितीतरी निष्णात झाली आहेत, यापुढेही होतील. दखल घेण्याचे काम त्यांनी आपल्याकडेच ठेवले आहे. ते करणारी माणसे या शाळेतून निघावीत, अशी इच्छा व्यक्त करतो आणि गुरुवर्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून माझे भाषण संपवितो.